पाण्याच्या रांगेतला धडा

मुलं कॉलेजात गेली, की घरातली बोलणी टक्क्यांभोवती फिरू लागतात. अशात मुलीनं राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं, तर ‘मग अभ्यास कधी करणार?’ असं विचारणारे हमखास भेटतात. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही चेन्नईत राहत होतो, तेव्हा माझ्या लेकीबद्दलही शेजारपाजारी हेच विचारलं जाई.

ही योजना तशी जुनी. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, असा तिचा शिरस्ता. आपल्यापैकी अनेकांनी त्या शिबिरात घमेली उचलली असतील, रोपं लावली असतील.

लेकीच्या गटाकडे दक्षिण चेन्नईतली एक वस्ती होती. दर शनिवारी पाचवी ते सातवीच्या मुलांना इंग्रजी आणि गणित शिकवायचं. हिचं तमिळ भाजीबाजारापुरतं. पण मुलं ‘अक्का’ म्हणून हाक मारत. थोरल्या बहिणीला आपल्याकडेही अक्काच म्हणतात, त्यामुळे तिला परकं वाटलं नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारी चारही मोठी तळी जवळजवळ आटली. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. लातूरला २०१६ साली मिरजेहून पाण्याची गाडी आली होती, ते आपण विसरलेलो नाही. वस्तीत टँकर यायचा, पण कधी येईल त्याचा नेम नसे. शनिवारचा वर्ग रोडावला, आणि आधी गळल्या त्या मुली.

सहावीतली एक हुशार मुलगी तीन शनिवार आली नाही. तिच्यासाठी वर्गणी काढून शिकवणी लावावी, असं गटात ठरत होतं. लेक तिच्या घरी गेली. आई चार घरची धुणीभांडी करायची, म्हणून टँकरची वाट बघत घागरी सांभाळायचं काम मुलीकडे. शाळाही अधूनमधून बुडत होती. आई म्हणाली, “पैसे नकोत, पोरी. टँकर कधी येणार तेवढं कळू दे.”

मग दोन शनिवार मुलांनी शिकवणं बाजूला ठेवलं आणि घरोघर टिपणं केली. घरं किती, घागरी किती, रांगेत उभं कोण राहतं? बहुतेक घरांत उत्तर एकच, मुलगी. तमिळ मित्रांनी अर्ज लिहिला. मुलं तो घेऊन दोनदा कार्यालयात गेली. कुणी दाद दिली नाही. तिसऱ्या वेळी वस्तीतल्या बायकाच निघाल्या. बोलल्या त्या, मुलं कागद धरून मागं उभी राहिली. टँकरची वेळ सकाळी सातच्या आत ठरली. पाणी वाढलं नाही, पण ती मुलगी वर्गात परतली. कधी उशिरा येई, परकर ओला असे, पण येई.

लेक अर्थशास्त्र शिकत होती. एकदा जेवताना म्हणाली, “आई, आमच्या पुस्तकात मागणी-पुरवठ्याच्या रेघा असतात. त्यांत घागर घेऊन उभी असलेली मुलगी कुठंच दिसत नाही गं.”

त्या सत्रात तिचे गुण वाढले नाहीत, की घटलेही नाहीत. पण मदत करण्याआधी विचारायची सवय तिला लागली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना तिनं एक दिवस विचारलं, “तुमच्या गल्लीत पाणी कधी येतं?” दुसऱ्या दिवसापासून त्यांची यायची वेळ आठवरून दहावर गेली.

सगळीच शिबिरं अशी होतात असं नाही. फलक धरून फोटो काढले तरी तास भरतात. म्हणून आपला मुलगा किंवा मुलगी अशा कामाहून घरी आली, की किती तास झाले हे विचारू नये. कोण भेटलं, आणि ते काय म्हणालं, हे विचारावं. आणि उत्तर येईपर्यंत ताटावर निवांत बसावं.