टेस्ट नदीकाठचे एका दिवसाचे पाहुणे

इंग्लंडच्या दक्षिणेस हॅम्पशायर नावाचा परगणा आहे. लंडनला जाणारे आपले प्रवासी सहसा या बाजूस फिरकत नाहीत. फिरकलेच तर विंचेस्टरचे कॅथीड्रल पाहून परततात. त्या कॅथीड्रलमध्ये आयझॅक वॉल्टन या गृहस्थाची समाधी आहे. गळाने मासे धरण्याच्या कलेवर त्याने १६५३ साली 'द कम्प्लीट अँगलर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला; तो आजही आवडीने वाचला जातो. समाधीजवळच्या खिडकीची रंगीत काच १९१४ साली इंग्लंड-अमेरिकेतील गळवाल्यांच्या वर्गणीतून बसली. मासे धरणाऱ्यास देवळात एवढा मान का, हे कोडे आम्हांस पडले. त्याचा उलगडा तेथून सुमारे १५ किलोमीटरांवर, टेस्ट नदीच्या काठी झाला.

विश्वामित्रीच्या काठी मगरी पाहत वाढलेल्या आम्हा बडोदेकरांस टेस्ट ही नदी प्रथमदर्शनी फार लहान वाटते. लांबी अवघी ६०-६५ किलोमीटर. पण पाणी मात्र असे निर्मळ, की तळीचा गोटा न् गोटा मोजून घ्यावा. याचे कारण भूमीत आहे. हा सारा प्रदेश खडूचा, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडकाचा. पावसाचे पाणी या खडकात मुरते, गाळले जाते आणि झऱ्यांच्या रूपाने वर येते. उन्हाळा असो वा हिवाळा, झऱ्याच्या मुखाशी ते १० ते ११ अंश सेल्सिअसच्या आसपासच असते. क्षारयुक्त, समशीतोष्ण अशा या पाण्यात शेवाळ व पाणवेली दाट वाढतात, त्यांच्या आश्रयाने कीटक आणि कीटकांवर ट्राउट मासे. जगात असे खडू-प्रवाह दोनशेच्या वर आहेत म्हणतात, आणि त्यांतील बहुतेक एकट्या इंग्लंडात आहेत.

स्टॉकब्रिज हे या नदीवरचे गाव म्हणजे जवळजवळ एकच लांब-रुंद रस्ता. त्या रस्त्याखालून नदीचे फाटे वाहतात, आणि बाजारहाट करणारी मंडळी पुलाच्या कठड्याशी क्षणभर थांबून प्रवाहात डुलणारे मासे पाहतात. येथला हॉटन क्लब हा गळवाल्यांचा संघ १८२२ सालापासूनचा.

येथील मासेमारीची रीत न्यारी आहे. गळास गांडूळ लावीत नाहीत. पिसे, रेशीम व लव यांचा कीटक बनवून तो बारीक आकड्यावर बांधतात आणि हलक्या दोरीने पाण्यावर अलगद उतरवतात. या कारागिरीत आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेची, मेणासारखे ठिपके असलेली पिसे एके काळी मोलाची समजली जात. आता त्यांची भारतातून निर्यात कायद्याने बंद आहे. मासा चोखंदळ असतो. नदीवर ज्या दिवशी जो कीटक उतरला असेल त्याचीच नक्कल त्यास चालते. तेव्हा गळवाल्यास कीटकशास्त्र शिकल्यावाचून गत्यंतर नाही. अल्फ्रेड रोनाल्ड्सने १८३६ साली कीटकांची रंगीत चित्रे देणारा ग्रंथ काढला, तर फ्रेडरिक हॅलफर्डने याच नदीवर वर्षानुवर्षे निरीक्षण करून १८८६ साली तरंगत्या माश्यांवर पुस्तक लिहिले. त्यांची अडचण एकच: कीटक स्पिरिटात ठेवला की त्याचा रंग उडतो. ती अडचण कॅमेऱ्याने दूर केली. जॉन गॉडर्ड या गळवाल्याचा १९६६ चा ग्रंथ स्वतः टिपलेल्या रंगीत छायाचित्रांमुळे प्रसिद्ध आहे.

आम्ही गेलो तो मे महिन्याचा अखेरचा आठवडा, म्हणजे मे-फ्लायचा मोसम. या दिवसांत मासे इतके हावरे होतात की धांदरट गळवाल्याच्या हातीही मासा लागतो, म्हणून त्यास तेथे 'अडाण्यांचा पंधरवडा' म्हणतात. या कीटकाचे जीवन विलक्षण आहे. सुमारे दोन वर्षे तो तळाच्या गाळात बीळ करून राहतो. मग एके दिवशी वर येतो, पृष्ठभागावर कात टाकतो आणि धुरकट पंखांनी काठच्या झाडावर जाऊन बसतो. तेथे तो पुन्हा एकदा कात टाकतो व काचेसारख्या पंखांचा होतो. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा कीटक या कुळाबाहेर दुसरा नाही. पंख फुटल्यापासून तो अन्न घेत नाही. खाण्याजोगे तोंडच त्यास उरत नाही. हवेत नाचणे, मीलन, पाण्यावर अंडी घालणे आणि मरण, एवढेच काय ते उरलेले आयुष्य.

काठावर एक वृद्ध गृहस्थ गळाऐवजी कॅमेरा घेऊन बसले होते. परिचितांनी ओळख करून देताच त्यांनी आपला सरंजाम उत्साहाने दाखवला. पांढरे तबक, मऊ कुंचला, जाळीची पेटी आणि तळहाताएवढी काचेची टाकी. टाकीत नदीचेच पाणी. नळाचे घातल्यास काचेवर बुडबुडे धरतात. आत काचेची आणखी एक पट्टी बसवून कीटकास पुढे-मागे सरकण्यास बोटभरही जागा ठेवलेली नव्हती. कारण असे, की चित्र कीटकाच्या मूळ आकाराएवढे उमटवावयाचे तर भिंगाचे छिद्र बारीक करूनही जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट आला तर शेपटी धूसर. म्हणून कीटकाचे अंग भिंगास समांतर ठेवावयाचे, अथवा अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र जुळवावयाची. प्रकाशाच्या झोतासमोर अर्धपारदर्शक पडदा धरावयाचा, नाहीतर ओल्या अंगावर पांढरे डाग उमटतात.

जाळीच्या पेटीत आदल्या दिवशीचा एक कीटक होता. आमच्या देखत त्याच्या पाठीवरची कात उकलली, आणि धुरकट झग्यातून लखलखते शरीर व तीन लांब शेपट्या बाहेर आल्या. चार-पाच मिनिटांचा खेळ! गृहस्थांनी तेवढ्यात चित्रे टिपली आणि पेटीचे झाकण उघडून त्यास उडू दिले. "याच्याजवळ वेळ थोडा आहे, तो आपण खर्चावा कशाला?" एवढेच ते म्हणाले.

पुढे त्यांनी टाकीखालून घेतलेली चित्रे दाखवली, तेव्हा आम्ही थक्क झालो. माशास पाण्याबाहेरचे जग डोक्यावरच्या एका वाटोळ्या झरोक्यातूनच दिसते. भोवतीचे पाणी आरशासारखे असते. कीटक दूर असता माशास दिसतात ते त्या आरशावर पायांनी पडलेले सहा प्रकाशठिपके; झरोक्याच्या कडेशी येता प्रथम पंख डोकावतात. गॉडर्ड व ब्रायन क्लार्क यांनी १९८० साली हे चित्रांनिशी मांडले. आपण वरून पाहून जी पाठ हुबेहूब रंगवतो, ती माशास दिसतच नाही!

माशास फसविण्यासाठी सुरू झालेली ही विद्या आता नदीच्या उपयोगी पडत आहे. खडकातून उपसा वाढला, शेतांची माती वाहून आली, सांडपाणी मिसळले की पाणी वरवर तसेच दिसते. पण हे कीटक आधी घटतात. २००७ पासून इंग्लंडात गळवाले स्वेच्छेने नदीची तपासणी करतात. तीन मिनिटे पायाने तळ ढवळून जाळीत आलेल्या कीटकांचे आठ गट मोजायचे, आणि संख्या ठरीव मर्यादेखाली गेली की सरकारी खात्यास कळवायचे. ही ओळख पटविण्यास छायाचित्रांचीच मदत होते. त्या वृद्ध गृहस्थांच्या तारीखवार चित्रांत काही जाती पूर्वीच्या मोसमांत वारंवार दिसतात, पुढे विरळ होत जातात. ती पाने उलटताना ते बोलत नव्हते.

या कुळातील कीटक आपल्या नद्यांतही आहेत. क्षिप्रा असो, मलप्रभा असो वा म्हादई, काठच्या दिव्याभोवती जमणाऱ्या गर्दीत पंख उभे मिटून बसलेला, दोन वा तीन लांब शेपट्यांचा नाजूक जीव कधी आढळला, तर त्यास झाडूने लोटण्यापूर्वी घरातील मुलांस हाक मारावी आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. आपल्या नद्यांच्या अशा वह्या घरोघरी निघावयास हव्यात.