पावसाळाभर साठवलेलं बायोडिझेल

देवरूख-साखरपा रस्त्याला लागून माझं फळप्रक्रियेचं छोटं युनिट आहे. आंबा, फणस, कोकम. एप्रिल ते जून श्वास घ्यायला फुरसत नाही आणि नेमकी त्याच दिवसांत लाईट जाते. त्यामुळे 62.5 केव्हीएचा जनरेटर पहिल्यापासून दारात उभा. त्याचा धूर मागच्या वाडीत जायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. तिथल्या एका काकू एकदा स्वतः येऊन सांगून गेल्या की नातवाचा खोकला जात नाही. मला ते मनापासून लागलं. 2021 च्या हंगामात मी बायोडिझेल आणलं ते त्यासाठी. हेतू चांगला होता हे आजही म्हणतो, पण चांगल्या हेतूमुळे मी प्रश्न विचारायचे थांबलो, आणि त्याची किंमत इतरांनी मोजली.

कोकणातल्या माणसाला हा विषय परका नाही. समुद्रकाठच्या गावांत आजोबा-पणजोबांच्या काळी उंडीच्या बियांचं कडू तेल दिव्यात जळायचं, होड्यांनाही लावायचे. करंज तर प्रत्येक ओढ्याकाठी. आपल्याच झाडांवर आपली इंजिनं चालतील हे स्वप्न मी नियोजन आयोगाचा 2003 चा जैवइंधन अहवाल आला तेव्हापासून बाळगून होतो. त्या अहवालामुळे लोकांनी माळरानांवर चंद्रज्योत लावली आणि बहुतेक ठिकाणी पदरी निराशा आली. उंडीचं तेल त्याहून भरवशाचं, पण त्यात मुक्त मेदाम्लं इतकी असतात की आधी आम्लाची प्रक्रिया न करता थेट अल्कली घातली तर इंधनाऐवजी साबण तयार होतो. घाण्यावरचं कच्चं तेल इंजिनात ओतायचं नसतं, एवढं मला कळत होतं. म्हणून तयार बायोडिझेल विकत घेतलं, वापरलेल्या खाद्यतेलापासून बनवलेलं. तळणीचं तेल पुन्हा पोटात जाऊ नये म्हणून 2018 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते गोळा करण्याची मोहीम काढली होती. हॉटेलातलं तेल धूर कमी करायला येतंय, याहून चांगलं काय, असं वाटलं.

डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळलं तर काय होतं याचे आकडे मला पाठ होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या 2002 च्या अहवालानुसार धुरातले कण सुमारे 10 टक्क्यांनी कमी, कार्बन मोनॉक्साइड 11 टक्क्यांनी, न जळलेले हायड्रोकार्बन 21 टक्क्यांनी. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र 2 टक्क्यांनी जास्त. आकडे खरे आहेत. पण ते मुख्यतः रस्त्यावर चालणाऱ्या जड वाहनांच्या इंजिनांचे आहेत. तिथे टाकी भरते आणि दोन-चार दिवसांत रिकामी होते. माझं इंजिन हंगाम संपला की नऊ महिने बहुतेक उभंच असतं. हा फरक अहवाल वाचताना माझ्या डोक्यातही आला नाही.

आमच्याकडे जनरेटर बघणारे काका शाळा फार शिकलेले नाहीत, पण त्यांचा हात इंजिनावर चाळीस वर्षं आहे. पहिला ड्रम उतरला तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, पयला टाकीचा तळ साफ कराया हवा." बायोडिझेल चांगलं द्रावक आहे. टाकीच्या तळाशी आणि भिंतींना वर्षानुवर्षं चिकटलेला डिझेलचा गाळ ते सोडवतं, आणि तो सुटलेला गाळ सरळ फिल्टरमध्ये येतो. टाकी उपसायला दोन दिवस गेले असते. आंबा दारात पडला होता. "हंगाम झाला की करू," मी म्हणालो.

मिश्रणही मीच केलं. आधी बायोडिझेल ओतलं, वरून डिझेल. बायोडिझेल जड असल्यामुळे उलट करायला हवं होतं. माझं बरंचसं तळालाच राहिलं. साठवणीची टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची, कॉक पितळी. जस्त आणि तांबं दोन्ही बायोडिझेल लवकर खराब करतात. व्यापाऱ्याने तपासणीचा कागद दिला होता. त्यात पाणी आणि आम्लता आयएस 15607 या मानकाच्या मर्यादेत होती, पण कागदावरचा लॉट माझ्या ड्रमचा नव्हता. ते मी ड्रम उतरवतानाच पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

मे-जूनमध्ये धूर खरंच कमी झाला. काकूंनी तसं सांगितलंही. जूनच्या मध्यावर हंगाम आटोपला, टाकी निम्म्याहून जास्त भरलेली, आणि मी ती तशीच ठेवली. डिझेलपेक्षा बायोडिझेल कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतं. आमच्याकडे जुलैत कपाटातले कपडेही दमट होतात. अर्धी रिकामी टाकी त्या हवेत रोज थोडं पाणी गाळते. इंधन आणि पाणी जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात. तज्ज्ञ सांगतात की बायोडिझेल सहा महिन्यांच्या आत वापरून टाका, पण तो हिशोब कोरड्या, स्वच्छ, बंद टाकीचा. माझ्या टाकीला पाच-सहा आठवडे पुरले.

22 जुलै 2021. चिपळूण पाण्याखाली गेलं तो दिवस. इकडेही लाईट गेली आणि लवकर येणार नाही हे संध्याकाळपर्यंत स्पष्ट झालं. कोल्ड रूममध्ये उणे 18 अंशांवर आंब्या-फणसाचा गर होता. त्यातला मोठा भाग बचत गटाच्या बायकांचा, त्यांनी गणपतीच्या विक्रीसाठी ठेवायला दिलेला. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. थोड्या वेळाने आवाज खालीवर होऊ लागला, मग बंद. काकांनी फिल्टर उघडला. मी बॅटरी धरून उभा होतो. आत तपकिरी, बुळबुळीत, नाचणीच्या आंबिलासारखं दाट काहीतरी भरलेलं, आणि त्याला आंबट वास. नवा फिल्टर घातला, हवा काढली, इंजिन चालू झालं आणि पुन्हा बसलं. शिल्लक असलेला शेवटचा फिल्टरही रात्रीच चोक झाला. इंधनाची रबरी नळी फुगून सांध्यातून पाझरत होती. फिल्टर आणायचे ते चिपळूणहून, आणि चिपळूणच बुडालं होतं, वाशिष्ठीचा पूल खचला होता. पाणी ओसरल्यावर रत्नागिरीहून मेकॅनिक पोचला, तोवर गर विरघळून फुगला होता.

काका त्या रात्री एका शब्दाने मला बोलले नाहीत.

बचत गटाचे पैसे मी भरून दिले, कर्ज काढून. पण गणपतीची बाजारपेठ भरून देता येत नाही. त्यातल्या दोघींनी पुढच्या वर्षी माल माझ्याकडे ठेवला नाही. त्यांचं बरोबरच होतं.

इंजिन खोलल्यावर मेकॅनिकने जे दाखवलं, ते कळायला मला बायोडिझेलची गरजच नव्हती. दोन नोझल झिजलेले, फवाऱ्याऐवजी धार मारत होते. आणि रात्री एकट्या कोल्ड रूमसाठी मी 62.5 केव्हीएचं इंजिन जेमतेम दहाव्या हिश्शाच्या लोडवर चालवत होतो. तीस टक्क्यांखाली फार वेळ चालवलं तर इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि धुराड्यातून काळं, तेलकट बाहेर पडतं. वाडीतल्या कपड्यांवरची काजळी बरीचशी तीच होती. शिवाय धुराडंही आखूड होतं. नियमाने ते इमारतीच्या उंचीच्या वर केव्हीएच्या वर्गमुळाच्या 0.2 पट मीटर हवं, म्हणजे आमच्या सेटला सुमारे दीड मीटर. ते कॅनॉपीच्या जरा वर संपत होतं.

नोझल बदलले, धुराडं वाढवलं. कोल्ड रूमसाठी 15 केव्हीएचा वेगळा सेट घेतला आणि छपरावर सोलर बसवलं, त्यामुळे दिवसा लाईट गेली तरी बऱ्याचदा इंजिन लावावंच लागत नाही. धुरातली खरी घट त्यातून आली.

बायोडिझेल वाईट आहे असं मी कुणाला सांगत नाही. रोज चालणारं इंजिन, स्वच्छ लोखंडी टाकी, बायोडिझेलला चालणाऱ्या नळ्या आणि ज्या-त्या लॉटचा तपासणी अहवाल असेल तर वीस टक्के मिश्रण उपयोगाचं आहे, आणि उंडी-करंजाच्या तेलावर कोकणात अजून मेहनत व्हावी असं मला फार वाटतं. पण दवाखाना, कोल्ड रूम, पाण्याची योजना, जिथे जनरेटर अडीअडचणीसाठी उभा असतो, तिथे मिश्रण पावसाळाभर साठवू नका. हंगाम संपला की टाकी संपवा. आणि साधं डिझेल वापरत असाल तरी मृगाच्या आधी टाकीच्या तळाच्या कॉकमधून लिटरभर काचेच्या बरणीत काढा, रात्रभर ठेवा आणि सकाळी उजेडात धरून बघा.