कोलकात्यात भेटलेली तुंबडी

कोलकात्याला निघालात की लोक तुम्हाला खाण्याचीच यादी देतात. फुचका, कोशा मांगशो, नोलेन गुडाचा संदेश. मी हे सगळं खाल्लंच, पण परतताना पाठीवर चार जांभळे गोलही घेऊन आले. त्यांचीच ही गोष्ट.

मी दिवसभर लॅपटॉपमध्ये मान घालून बसणारी. उजवा खांदा दोन महिने आखडलेला होता. सोबत आई होती. फ्रोझन शोल्डरमुळे तिचा डावा हात कानाच्या वर जात नव्हता, अंबाडाही मीच घालून द्यायचे. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरलो होतो. ऑफिसमधल्या बंगाली मैत्रिणीने बजावलं होतं, "जातेसच तर कपिंग करून ये."

2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकल फेल्प्सच्या खांद्यावर दिसलेले गोल डाग तुम्हाला आठवत असतील, तेच हे कपिंग. मी मोबाइलवर फोटो दाखवला तर आई म्हणाली, "अगं, ही तर तुंबडी!" तिच्या आजीच्या गावी तुंबडी लावणारी बाई यायची म्हणे. सुश्रुतसंहितेतही शिंग आणि भोपळा लावून रक्त काढण्याचं वर्णन आहे. आपल्याकडे आता तुंबडी राहिली ती स्वतःची भरण्यापुरती, आणि तीही वेगळ्याच अर्थाने!

कोलकात्यात मात्र ही कला दोन वेगवेगळ्या वाटांनी अजून नांदते आहे. एक वाट चीनची. पोद्दार कोर्टाजवळच्या टिरेटा बाजारात भल्या पहाटे पोहोचलात, तर वाफाळते पाव आणि मोमो विकणारी चिनी कुटुंबं अजून भेटतात. आम्ही पोहोचलो तेव्हा निम्म्या टोपल्या रिकाम्या झाल्या होत्या, म्हणून सांगते, लवकर जा. पण चिनी उपचार या शहरात रुजण्यामागे एक ओळखीचं नाव निघतं. 1938 साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना चीनला पाच भारतीय डॉक्टर पाठवले गेले. त्यात आपले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कोलकात्याचे विजयकुमार बसूही होते. कोटणीस 1942 साली तिथेच वारले, अवघ्या 32व्या वर्षी. बसू परतले. पुढे 1950च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ते कोलकात्यात घेऊन आले. चिनी पद्धतीत सुया आणि कप ही सख्खी भावंडं. सोलापूरच्या माणसाचा धागा असा आपल्या खांद्यापर्यंत येतो, हे मला फार आवडलं.

दुसरी वाट युनानी. अब्दुल हलीम लेनमध्ये कलकत्ता युनानी मेडिकल कॉलेज आहे. युनानीत कपिंगला हिजामा म्हणतात. नुसते कप लावले तर कोरडा हिजामा, बारीक चिरा देऊन रक्त काढलं तर ओला.

आधी आम्ही एका पार्लरमध्ये डोकावलो. तिथल्या मुलीने आईला काहीएक न विचारता सरळ टेबलावर झोपायला सांगितलं. आम्ही काढता पाय घेतला. मग एका युनानी दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आधी माझी मान फिरवून पाहिली. मग स्पिरिटचा बोळा पेटवून काचेच्या कपात क्षणभर फिरवला आणि कप पाठीवर टेकवला. आतली गरम हवा थंड होऊन आकसते आणि कातडी वर ओढली जाते. मसाजात स्नायू दाबला जातो, इथे उलट ओढला जातो. दुखलं नाही, पण कुणीतरी पाठीला घट्ट चिमटा घेऊन बसलंय असं दहा मिनिटं वाटत राहिलं. कप काढल्या काढल्या डॉक्टर म्हणाले, "आता हात वर करा." सहज गेला! त्यांनी लगेच खांद्याचे व्यायाम करून घेतले. ही मोकळीक थोड्या वेळाची असते, तेवढ्यात हलवून घ्यायचं.

ते जांभळे डाग म्हणजे 'खराब रक्त' बाहेर आलं असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. कातडीखालच्या बारीक केशवाहिन्या फुटतात, एवढंच. आठ-पंधरा दिवसांत डाग जातात. मान आणि कंबरदुखीत काही दिवस आराम मिळतो असं काही अभ्यासांत दिसतं, पण पुरावा कच्चा आहे. खोटी गोळी देऊन फसवता येतं. खोटा कप पेशंटला लगेच कळतो.

मग आईची पाळी. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, "माँजी, गोळ्या कुठल्या चालू आहेत?" गेल्या वर्षी आईची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज असतात. ते ऐकताच त्यांनी हातातला कप ट्रेमध्ये परत ठेवला. "यांना नाही लावणार." आईचा चेहरा एवढासा झाला. मला मात्र पार्लरमधलं ते टेबल आठवून पोटात गोळा आला. इतक्या लांबून येताना ही साधी गोष्ट माझ्याही डोक्यात आली नव्हती.

तेव्हा तुमच्या घरी कुणी कपिंगला निघालं, तर आधी गोळ्यांचा डबा बघा. रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, रक्त कमी असणं, कातडीवर जखम किंवा पुरळ असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ओल्या प्रकारात तर ब्लेड नवं आणि कप निर्जंतुक आहेत का, हे तोंडावर विचारा. भिडस्तपणा करू नका.

आईला डॉक्टरांनी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवायची, दुखायला लागलं की थांबायचं, असं शिकवलं. घरी फोन करून आईच्या हाडांच्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं. निवासातल्या खोलीत ती रोज सकाळी खिडकीजवळ उभी राहायची. पहिल्या दिवशी बोटं खालून तिसऱ्या गजापर्यंत पोहोचली.

माझा खांदा चौथ्या दिवशी पुन्हा आखडला; खुर्ची तीच, लॅपटॉप तोच. निघायच्या सकाळी मी बॅग भरत होते, तर आईने हाक मारली. तिची बोटं पाचव्या गजावर होती, आणि ती म्हणत होती, "फोटो काढ, लवकर, हात दुखतोय!"