मोआबची जीपयात्रा

आपल्याकडे जत्रेला गाडीवाटा फुलतात, तसे अमेरिकेत मोआब नावाच्या गावी दर वर्षी जीपगाड्यांनी रस्ते फुलतात. गाव युटा राज्यात, वस्ती जेमतेम पाच हजारांची. ख्रिस्ती लोकांचा ईस्टर सण जवळ आला की नऊ दिवस देशाच्या कानाकोपऱ्यातून जीपवाले येथे जमतात. गटागटाने डोंगरातल्या बिकट वाटा चढतात, उतरतात आणि ईस्टरच्या रविवारी मेळा उठतो. याला ‘ईस्टर जीप सफारी’ म्हणतात. १९६७ साली गावच्या व्यापारी मंडळाने एका दिवसाची सहल म्हणून ही प्रथा सुरू केली. पुढे ‘रेड रॉक फोर-व्हीलर्स’ या स्थानिक मंडळाने ती चालवायला घेतली.

माझा मुलगा नोकरीनिमित्त सॉल्ट लेक सिटीला असतो. तेथून मोआब मोटारीने चार तासांवर. त्याच्याकडे एक जुनी जीप आहे. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता सात वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात यांच्यासह सारे घर मेळ्याला निघाले. सूनबाईंना मात्र धास्ती होती. “बाबा, कडेकपारीतून गाडी जायची. पोरं घाबरली तर?” त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे रास्तच होते.

पण तेथली व्यवस्था पाहून धास्ती कमी झाली. प्रत्येक वाटेला अवघडपणाप्रमाणे एक ते दहा अंक दिलेले असतात. लहान मुले बरोबर असली तर खालच्या अंकाची वाट घ्यावी. आम्ही ‘जेमिनी ब्रिजेस’ची सोपी वाट निवडली. सकाळी सगळ्या गाड्या रांगेत उभ्या राहतात. वाटाड्या नियम समजावून सांगतो. एक जाणकार पुढे, एक सर्वांत मागे. प्रत्येकाने मागची गाडी दिसते की नाही हे पाहत राहायचे आणि वळणावर ती दिसेपर्यंत थांबायचे. त्यामुळे कोणी एकटा मागे पडत नाही. वाळवंटी मुलूख असल्याने माणशी रोज चार लिटर तरी पाणी बरोबर घ्यायचे. सौ.ने दशम्या बांधून घेतल्या होत्या. मुले पट्ट्याच्या खुर्चीत घट्ट बसलेली. नात तर गाडीच्या डुलण्याने दोनदा झोपी गेली!

खडकाळ वाट लागण्यापूर्वी मुलाने टायरांतली हवा पस्तीस पौंडांवरून वीसपर्यंत उतरवली. हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरतो आणि त्याची पकड वाढते. ट्रॅक्टर चालवणाऱ्या आपल्या मंडळींना हे नवे नाही. डांबरी रस्त्यावर येताना पंपाने हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटण्याची भीती. तेथल्या तांबड्या, गुळगुळीत खडकाला ‘स्लिकरॉक’ म्हणजे निसरडा खडक म्हणतात. घोड्यांचे लोखंडी नाल त्यावरून घसरत, म्हणून हे नाव पडले. रबरी टायर मात्र त्याला चांगला धरून राहतो.

या वाटा कोणी पाडल्या? १९५२ साली चार्ली स्टीन या भूगर्भशास्त्रज्ञाला मोआबजवळ युरेनियमचा मोठा साठा सापडला. मग नशीब काढायला लोकांची रीघ लागली आणि त्यांनी यंत्रांनी डोंगर खरवडून रस्ते केले. खाणींचा बहर ओसरला, रस्ते उरले. त्यांवर आता जीपा चालतात आणि गावची दुकाने, खानावळी, मुक्कामाची घरे यांचे पोट भरते.

जीप मला परकी नाही. पंचायत समितीच्या जीपमधून मी अनेक पावसाळे गावोगाव फिरलो आहे. ही गाडी नावाजली युद्धात. पण युद्ध संपताच १९४५ साली विलीज कंपनीने ती शेतकऱ्यासाठी म्हणून बाजारात आणली. नांगर ओढावा, यंत्राला शक्ती द्यावी, बाजारला माल न्यावा, अशी ती कल्पना. म्हणजे हौशी लोकांची ही गाडी मुळात आपल्याच घरची म्हणायची.

दुपारी आम्ही एका खडकावर थांबलो. नात सरड्यामागे धावत वाटेबाहेरच्या काळपट, खडबडीत मातीकडे निघाली, तोच वाटाड्याने तिला हाक मारून थांबवले. रागावला नाही. उकिडवा बसून त्याने तिला ती माती दाखवली आणि म्हणाला, “ही जिवंत आहे. हिच्यावर पाय द्यायचा नाही.” मीही गुडघे टेकून पाहिले. मातीच्या वरच्या थरात निळ्या-हिरव्या शेवाळाचे सूक्ष्म धागे असतात. त्यांच्याबरोबर दगडफूल आणि हरिता वाढतात. हे धागे वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवतात, म्हणून वारा-पावसाने माती उडत नाही, वाहत नाही. शिवाय ते हवेतला नत्र मातीत आणतात. आपण भातखाचरात जिवाणू खत म्हणून निळे-हिरवे शेवाळ टाकतो, त्याच जातकुळीतले हे. वर्षाला नऊ-दहा इंच पावसाच्या मुलखात गवताला आधार तो याच पापुद्र्याचा. एका चाकाखाली तो मोडला, की भरून यायला कित्येक दशके लागतात. म्हणून तेथे मुलांनाही एक वाक्य पाठ असते: पापुद्रा मोडू नका.

यावरून तेथे तंटाही आहे. २०२३ साली केंद्र सरकारच्या जमीन खात्याने लॅबिरिंथ कॅन्यन आणि जेमिनी ब्रिजेस भागातले सुमारे ३१७ मैल रस्ते मोटारींना बंद केले. जीपवाले चिडले, प्रकरण कोर्टात गेले. एका बाजूला गावचे पोट आणि लोकांची हौस, दुसऱ्या बाजूला न बोलणारी माती. नातवाने मला विचारले, “आबा, मग आपण गाडी घेऊन यायचंच नाही का?” मी म्हटले, “यायचं. पण चाक वाटेवरच ठेवायचं. गाडी कुठेही जाऊ शकते, म्हणून ती कुठेही न्यायची नसते.” कडक नियमाची पाळी येते ती वाट सोडणाऱ्या थोड्यांमुळे आणि भोगतात सगळेच.

वाचकहो, तो पापुद्रा आपल्या काळ्या रानात तसा दिसत नाही. पण चाकाचा मार आपल्या मातीलाही बसतोच. वाफसा नसताना ट्रॅक्टर किंवा भरलेली ट्रॉली रानात घातली, की खाली माती दाबून घट्ट होते. पाणी मुरत नाही, मुळ्या खाली उतरत नाहीत आणि पुढच्या हंगामात त्या पट्ट्यात पीक खुजे दिसते. रानात गाडीवाट एकच ठरवावी आणि दर वर्षी तीच ठेवावी. साताऱ्याजवळच्या कास पठारासारख्या सड्यांवर तर मातीचा थर बोटभरच असतो. मुलांना तेथली फुले जरूर दाखवा. पण गाडी रस्त्यावर उभी करून आणि आखलेल्या पायवाटेने. चार वर्षांच्या पोरीला ही गोष्ट एकदा सांगून पटली. परत येताना ती प्रत्येक पाऊल खडकावर टाकत होती आणि आजीलाही तसेच चालायला लावत होती.