शेजाऱ्याची साक्ष

शहर वाढू लागले की प्रथम त्याची भाषा बदलते. काल ज्याला आपण शेत म्हणत होतो, त्याला आज प्लॉट म्हणतात. आणि ज्या ओढ्यात गुरे पाणी पीत, त्याला नावच उरत नाही. आमचे आदिलाबाद हे कापसाच्या बाजाराचे गाव. जिनिंगच्या गिरण्यांभोवती वस्ती वाढली आणि वस्तीमागून नियम आले. नियम हे नेहमी वस्तीच्या मागूनच येतात, आणि बहुधा धापा टाकीत येतात.

म्हणून नियम काळानुरूप नवे करण्यास माझा विरोध नाही. तेलंगणाच्या २०२० च्या बांधकाम-परवानगी कायद्याने ७५ चौरस गजांपर्यंतच्या जागेवर, ७ मीटर उंचीच्या मर्यादेत, घर बांधणाऱ्यास परवानगीच्या जाचातून मोकळे केले. १ रुपया भरून नोंदणी केली की पुरे. ६०० चौरस गज व १० मीटर उंचीपर्यंत मालकाच्या स्वयंप्रमाणपत्रावर तत्काळ मंजुरी ठरविली, आणि त्यापुढील इमारतींसाठी २१ दिवसांची मुदत. एका कागदासाठी ज्याने कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्यास या सुधारणेचे मोल सांगावे लागत नाही.

परंतु सही सोपी झाली म्हणून तिची जबाबदारी हलकी होत नाही. २०१२ च्या इमारत नियमांनी १० हेक्टर वा त्याहून मोठ्या तलावाच्या हद्दीपासून ३० मीटर, आणि लहान तलाव व शिकम जमिनीपासून ९ मीटर अंतर मोकळे ठेवावयास सांगितले. शिकम म्हणजे तलावाच्या पोटातली जमीन. हे अंतर राखले आहे की नाही, ते पूर्वी कचेरीने आधी पाहावयाचे. आता लहान घरांच्या बाबतीत ते प्रथम मालकानेच स्वतःच्या सहीने सांगावयाचे.

एक निवृत्त गृहस्थ अशाच कागदावर सही करण्यापूर्वी माझ्याकडे आले. आयुष्याची पुंजी घालून त्यांनी जागेचा करार केला होता. मी १९५४-५५ ची खासरा पहाणी काढली. त्या क्रमांकापुढे ‘शिकम’ असा शब्द होता. ते म्हणाले, “वकीलसाहेब, तिथं पाणी पाहून वीस वर्षं झाली.” मी म्हटले, “काका, तलाव वर्षे मोजीत नाही. तो ज्या साली भरेल, त्या साली आपली जागा मागेल. आणि खोटे प्रमाणपत्र उघड झाले, तर कायदा पूर्वसूचनेवाचूनही बांधकाम पाडू शकतो.” ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांनी सही केली नाही. विसाराची रक्कम मात्र अद्याप परत मिळालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रामाणिकपणाची किंमत प्रथम प्रामाणिक माणसालाच भरावी लागते.

पाण्याच्या वाटेवर घर बांधल्याचे दुःख एकट्या मालकाचे नसते. अडलेले पाणी शेजाऱ्याच्या ओट्यावर चढते. १९०८ साली मुसीच्या महापुराने हैदराबादेत केवढा अनर्थ केला! त्यानंतर १९१२ साली तेथे नगरसुधार मंडळ स्थापन झाले. कौटिल्याने तर अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घराच्या हद्दी, दोन घरांमधील अंतर आणि सांडपाण्याची वाट यांचे नियम घालून दिले, आणि वास्तूचे तंटे शेजाऱ्यांच्या साक्षीवर सोपविले. ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. जमीन कोणाची हे कागद सांगेल. पण पावसाळ्यात पाणी कोठून जाते, हे शेजारीच सांगू शकतो.

नव्या नियमांत नेमकी हीच साक्ष हरवते. मालक आणि यंत्र यांच्यामध्ये तिसरा कोणी उरत नाही. ती परत आणणे अवघड नाही. २०१९ च्या नगरपालिका कायद्यात प्रभाग समित्यांची तरतूद आहे. प्रत्येक स्वयंप्रमाणपत्र, जुन्या पहाणीतील नोंदीसह, त्या प्रभागात आठ दिवस लोकांसमोर लावावे. कोणाला हरकत असेल तर त्याने नावानिशी कळवावे. यात गरिबाचे आठ दिवस जातील खरे, पण त्याची पुंजी वाचेल.

देवळाभोवतीची प्रदक्षिणेची वाट आपण आजवर मोकळी ठेवली, ती दंडाच्या भीतीने नव्हे. तेथे कोणी ओटा वाढवू लागला तर पुजाऱ्याआधी आळीतली म्हातारी त्याला हटकते. तिने ओढ्याच्या काठीही तसेच हटकावे, आणि तिचे बोलणे ऐकण्याची सोय नियमात असावी, एवढेच माझे मागणे आहे.