खांदे खाली!

माणसाच्या शरीरातले अवयव लग्नघरातल्या नातेवाइकांसारखे असतात. काम असतं दोघांचं, धावून येतात वीस जण. सुईत दोरा ओवायचा बोटांनी, पण मदतीला जीभ बाहेर येते. स्टुलावर चढून बल्ब बसवतो एक जण, आणि खाली स्टूल धरणाऱ्याचा जबडा आवळला जातो. बाखचं संगीत पियानोवर वाजवू पाहणाऱ्या पेणच्या एका निवृत्त गृहस्थाचे तर दोन्ही खांदे कानांशी गुजगोष्टी करायला वर जातात. तो गृहस्थ म्हणजे मी.

पेणने महाराष्ट्राला गणपती दिले, पापड दिले, पोहे दिले. बाख वाजवणारा माणूस द्यायचं काही पेणवर बंधन नव्हतं. पण मी लहानपणापासून पेटी वाजवत आलो, आणि निवृत्तीनंतर मुलाने विजेवर चालणारा पियानो घरी आणून ठेवला. गुरू मिळाल्या त्या रोह्याला. मडगावच्या शाळेत आयुष्यभर संगीत शिकवून, धाटावच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या मुलाकडे राहायला आलेल्या. गोव्याच्या रीतीप्रमाणे त्यांना सगळे 'टीचर' म्हणत. दर शनिवारी गाडी पकडायची, कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरायचं आणि टीचरपुढे बसायचं.

टीचरनी हाती दिलं ते बाखचं पहिलं 'इन्व्हेन्शन'. अशी दोन स्वरपंक्तींची १५ इन्व्हेन्शन्स आहेत. बाखने त्यांची स्वच्छ प्रत १७२३ साली केली, पण त्यांचा जन्म झाला तो थोरल्या मुलासाठी १७२० मध्ये घातलेल्या सरावाच्या वहीत. वही सुरू झाली तेव्हा विल्हेल्म फ्रीडेमान होता नऊ वर्षांचा. मी बासष्टचा. शिवाय हे पहिलं इन्व्हेन्शन अवघ्या २२ बारांचं. (बार म्हणजे आपल्या आवर्तनाचा लांबचा चुलतभाऊ.) म्हटलं, नऊ वर्षांच्या पोराला जमलं ते आपल्याला महिन्याभरात जमेल.

पण पेटीवाल्याच्या डाव्या हाताने जन्मभर फक्त भाता मारलेला असतो. फार तर बाजाराची पिशवी. बाखच्या घरी मात्र डाव्या-उजव्याला समान हक्क! उजवा हात एक वाक्य बोलतो, ते पुरं होतंय तोवर डावा तेच वाक्य खालच्या सप्तकात म्हणतो. त्या वेळी उजवा गप्प बसत नाही, तो पुढचं बोलू लागतो. थोडक्यात, सुखी संसार. फरक इतकाच, की इथे दोघांचंही ऐकू यावं लागतं.

डाव्याची ही फरफट पाहून सगळं शरीर त्याच्या मदतीला धावलं. खांदे वर, मान पुढे, दातांवर दात, पायांची बोटं वळलेली. टीचर मागून म्हणायच्या, "अहो, खांदे खाली!" खांदे खाली आले की श्वास वर अडकायचा.

आषाढात मनगटापासून कोपरापर्यंत कळ सुरू झाली. चहाचा कप उचलेना. सौ. म्हणाली, "चाळीस वर्षं लाटणं फिरवतेय, माझे खांदे कधी वर गेलेले पाहिलेत?" डॉक्टरांनी हात दाबून पाहिला आणि समजावलं, "बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपराखाली, आणि दोऱ्यांनी बोटं ओढतात. वाकवणारे वेगळे, सरळ करणारे वेगळे. माणूस धास्तावला की दोघं एकदम ओढतात. रस्सीखेच! बोट जागच्या जागी, हात मात्र दमतो. महिनाभर वाजवणं बंद. पुन्हा दुखलं तर पेटीसुद्धा विसरा."

पेटी विसरा! विनोद करण्याची माझी इच्छा त्या दिवशी तिथेच संपली. त्यात टीचरच्या मुलाची बदली झाली, दिवाळीनंतर अंकलेश्वरला. म्हणजे घाई करायला सवड नाही, आणि सवड काढायला वेळ नाही.

टीचर मात्र शांत. त्यांनी मला कूपराँ नावाच्या फ्रेंच वादकाची गोष्ट सांगितली. त्याने १७१६ साली हार्पसिकॉर्ड वाजवण्याच्या कलेवर पुस्तक लिहिलं. वाजवताना तोंड वेडंवाकडं होत असेल, तर स्वरलिपीच्या जागी आरसा ठेवा, असा सल्ला त्यात आहे. शिवाय लहान मुलांनी आपल्या माघारी चुकीचा सराव करू नये, म्हणून हा गृहस्थ वाद्याची किल्ली खिशात घालून घरी जायचा! तीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्येही खांदे-जबडे असेच आगंतुक होते, हे ऐकून मला फार बरं वाटलं. घरी येऊन पियानोवर दाढीचा आरसा ठेवला. दाढ उपटून घेणारा एक माणूस त्यातून माझ्याकडे बघत होता.

त्या सक्तीच्या सुटीत मी रोज शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसू लागलो. तिथे एक पोरगा डोळ्यांची आखणी करायचा. केसाएवढी रेघ, आणि ती एकदाच. पण खांदे सैल, तोंडाने गप्पा चालू. करंगळी मूर्तीच्या गालावर हलकी टेकलेली, ब्रश असा धरलेला की फुंकर मारली तर पडेल. "भीती नाही वाटत?" मी विचारलं. तो म्हणाला, "काका, ब्रश घट्ट धरला ना, की डोळा रागावतो."

हे वाक्य मी शनिवारी टीचरना सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं. मग शिकवणी नव्याने सुरू झाली. दिवसाला पाच मिनिटं, एका वेळी एकच हात, एकच बार. बार संपला की हात मांडीवर टाकायचा, मेल्यासारखा. गती इतकी धीमी की एका बारात मालगाडी निडी ओलांडून जावी. कळ आली की थांबायचं, तिच्याशी हुज्जत घालायची नाही. बाख स्वतः वाजवायचा तेव्हा त्याची बोटं हलताना जेमतेम दिसत, असं फोर्केलने १८०२ च्या चरित्रात लिहून ठेवलंय. काम बोटांचं, बाकीच्यांनी घरी बसावं.

दिवाळीआधीच्या शनिवारी मी बावीसही बार वाजवले. सावकाश, पण न थांबता. टीचरनी सूर-तालाबद्दल चकार शब्द काढला नाही. मागे येऊन फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, "खाली आहेत."

टीचर अंकलेश्वरला गेल्या. मी दुसरं इन्व्हेन्शन काढलंय. त्यात डावा हात दोन बार मागून उजव्याची हुबेहूब नक्कल करत येतो. पहिल्याच दिवशी दोन्ही खांदे 'काही हवंय का' विचारायला वर आले. त्यांना म्हटलं, सध्या काही नाही, जेवायच्या वेळेला बोलावतो. गेले बिचारे. रागावले नाहीत. शेवटी घरचीच माणसं.