निमगाव केतकी, पालखीविना

१२ जून २०२०
आज देहूत तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान झालं, मोजक्या माणसांत. पादुका आता तिथंच राहणार आणि दशमीला थेट पंढरपूरला जाणार. म्हणजे बारामतीचा मुक्काम नाही, काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण नाही. बेलवाडी, आमचं निमगाव, इंदापूर, सराटीचं नीरास्नान, सगळंच राहिलं. आईला कोरोनाचं कारण पटलंय. तरी दिंडीच्या भाकरीचं पीठ दळून आणायचं का, हे तिनं दोनदा विचारलं.

१६ जून
पानमळ्यात खुडा. मार्चअखेरीपासून टपऱ्या बंद, लग्नं बंद. विड्याचं पान खाणार कोण? तूर घरात ठेवता येते, पान चार दिवस राहत नाही. न खुडावं तर वेलीवरच जून होतं. म्हणून खुडायचं, बायकांना रोज द्यायचा आणि पाट्याच्या पाट्या बांधावर ओतायच्या. कोवळं हिरवं पान, देठ मोडला की नाकात तिखट वास. उद्या त्याचा काळा लगदा. तरी शेवरी छाटली, पाणी दिलं. वेल वाळली तर मळा पुन्हा उभा करायचा कशावर?

बांधावरून जाणारा एकजण म्हणाला, "देव परीक्षा बघतोय." मला या वाक्याचा भारी राग येतो. परीक्षा घ्यायची तर अभ्यासक्रम तरी सांगावा!

२१ जून
सूर्यग्रहण. आईनं सुटेपर्यंत चूल पेटवली नाही.

दुपारभर तुकोबा डोक्यात. सतराव्या शतकातला, १६३०च्या सुमाराचा तो दुष्काळ. दुकान बुडालं, पहिली बायको रखुमाबाई अन्नावाचून गेली, पोरगा संतू गेला. पुढं त्यांनी कर्जखतं काढली, निम्मी भाऊ कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असं सांगतात. लोकांचं येणं सोडलं, पण विठ्ठलाला सोडलं नाही. उलट त्याच्याशी जन्मभर भांडले. आमच्या शेजारच्या बारामतीत मोरोपंतांनी 'केकावली' लिहिली, तीही देवाला मारलेली हाकच. आपल्याकडं देवावरचा विश्वास मुकाट्यानं बसणारा कधीच नव्हता. जो ऐकेल असं वाटतं, त्याच्याशीच माणूस भांडतो. सोसायटीच्या कर्जाच्या थकलेल्या हप्त्यावरून आज मीही देवाशी भांडलो. उत्तर आलं नाही.

२५ जून
परभणीकडच्या दिंडीतल्या आजींचा फोन. दरवर्षी आमच्या पडवीत उतरतात. आईला म्हणाल्या, "माऊली, यंदा तुमच्या हातचं पिठलं नशिबात नाही." आई म्हणाली, "इठ्ठलालाच घरी बसवलंय, तुमचं-आमचं काय!" दोघी हसल्या. मग आजींनी पानांना भाव काय मिळतोय ते विचारलं. आई म्हणाली, "बरा आहे."

फोन ठेवल्यावर आईनं पीठ दळून आणायला सांगितलं. खुड्याला येणाऱ्या बायकांच्या घरी दिलं. त्यातल्या दोघींच्या नवऱ्यांचं काम पुण्यात सुटलंय, हे मला आज कळलं. आईला आधीपासून माहीत होतं.

३० जून
पादुका एसटीनं निघाल्या. सोबत फक्त २० जण. टीव्हीवर फुलांनी सजवलेली गाडी दिसली. आईनं पडद्यालाच हात जोडले. धाकटा म्हणाला, "देवाला तिकीट किती?" आई त्याला रागावली आणि मग स्वतःच हसली.

१ जुलै
एकादशी. उपास सगळ्यांचा, तरी खुडा चुकला नाही. पानं बांधावर.

१९ जुलै २०२१
यंदाही पालखी पायी आली नाही, एसटीनंच गेली. गेल्या वर्षी गाडी एक होती, यंदा दोन. मळा उभा आहे. सोसायटीचा हप्ता अजून थकलेला आहे.